नॉर्मलरावांचं लिव्हर

प्रयोगशाळेत कुठलंही नवीन मशीन आलं, की त्यात पहिलं रक्त कुणाचं घालायचं यावर कधी वाद झाला नाही. मशीनवरचं प्लॅस्टिक निघायच्या आत नॉर्मलराव बाही वर सारून स्टुलावर बसलेले असायचे. साखर मोजायचं मशीन असो, चरबी मोजायचं असो, नाहीतर आत नेमकं काय चालतं हे कुणालाच धड न सांगता येणारं एखादं कपाटाएवढं धूड असो, पहिला आकडा निघायचा तो त्यांचा, आणि तो पडायचा अगदी मधोमध. ना जास्त, ना कमी. मग बाकी जगाचं रक्त त्यांच्या रक्ताशी ताडून बघायचं, अशी तिथली रीतच पडून गेली. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं, ज्याला सीरम म्हणतात, ते त्यांचं सीरम छोट्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवलेलं असायचं. फ्रीजरमधला एक अख्खा खण त्या बाटल्यांचा होता, आणि प्रत्येक बाटलीवर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: नॉर्मल.

त्यावरून त्यांना नॉर्मलराव म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली, ते आता कुणालाच आठवत नाही. त्यांनी स्वतः कधी हरकत घेतली नाही. हरकत कसली घेतायत! प्रयोगशाळेचा फोन उचलला की "नॉर्मलराव बोलतोय" असंच म्हणायचे, आणि पलीकडचा माणूस गोंधळला तर त्याचं काम बाजूला ठेवून त्याला पहिल्यापासून सगळा इतिहास ऐकवायचे.

अंगाने म्हणाल तर नुसती काडी. पँट कमरेवर टिकावी म्हणून पट्ट्याला घरीच खिळ्याने जादा भोकं पाडलेली. आणि खाणं? खाण्याचं विचारूच नका. चहात चार चमचे साखर घालायची, ती अर्धवट ढवळायची, आणि चहा संपला की तळाशी उरलेली साखर चमच्याने खरवडून खायची. बिस्किटांचा पुडा सकाळी उघडला की दुपारपर्यंत त्याचा कागद उरायचा. वर गोड सरबताच्या बाटल्या. प्रयोगशाळेत काही खायचं-प्यायचं नाही हा नियम मात्र त्यांनी कधी म्हणजे कधी मोडला नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने ते बाहेर पॅसेजमध्ये यायचे आणि तिथे उभ्याउभ्या खायचे. कुणी टोकलंच तर सपाट पोटावर थाप मारून म्हणायचे, "लागतंय का बघा अंगाला कुठे! आणि माझ्यावर विश्वास नसेल तर मशीनला विचारा."

रक्ताचा अभिमान हा झाला एक. दुसरा अभिमान होता हाताचा, आणि खरं सांगायचं तर तोच मोठा होता. एवढ्या नोकरीत त्यांच्या हातून एका माणसाची नळी दुसऱ्याच्या नंबरावर गेली नव्हती. या कामात याच्याइतकं मोठं पाप नाही. सुई दोनदा टोचली तर माणूस दोन शिव्या देतो आणि विसरून जातो, पण नळी बदलली तर धडधाकट माणूस औषध गिळत बसतो आणि आजारी माणूस शिट्टी वाजवत घरी जातो. म्हणून नॉर्मलरावांची एक ठरलेली पद्धत होती. आधी नळीवर नंबर लिहायचा, मग तो मोठ्याने वाचायचा, मग समोरच्या माणसाला वाचायला लावायचा. तो चष्मा विसरून आला असेल तर स्वतःचा चष्मा त्याच्या नाकावर चढवायचा, पण वाचल्याशिवाय सुई नाही. लोक वैतागायचे. "वैतागा की," नॉर्मलराव म्हणायचे, "पण तुमचं रक्त तुमच्याच नावावर राहील याची हमी माझी."

घरी त्यांचं एक हक्काचं गिऱ्हाईक होतं. बायकोचा धाकटा भाऊ. गाद्या शिवायचा, विकायचा आणि लोकांच्या घरी पोचवायचा, म्हणून सगळे त्याला गादीवाला म्हणत. देह असा की दारातून आत शिरताना खोलीतला उजेड क्षणभर जायचा. दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला यायचा आणि दर रविवारी नॉर्मलराव त्याच्या पोटावर भाषण करायचे.

"अरे, आत लिव्हर आहे की उशी? उद्या कुणी उघडून बघितलं तर कापूस निघेल! साखर बंद कर. ते गोड पाणी पहिलं सोड. टेम्पोतून उतरलास की गाडीवाल्याला गादी घेऊन वर पाठवतोस ना? स्वतः चढ जिने, स्वतः!" एवढं बोलून ते केकचा दुसरा तुकडा आपल्या ताटात ओढायचे.

गादीवाला हसायचा आणि म्हणायचा, "हो, भाऊजी." बस. कधी उलट बोलला नाही, कधी रुसला नाही, कधी पुढचा रविवार चुकवला नाही. बायको मात्र ताटं उचलताना जरा जास्तच आपटायची. तो आवाज नॉर्मलरावांना आजवर कधी ऐकू आला नव्हता.

अशात मॅडमनी नवीन अभ्यास काढला. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. वयाने नॉर्मलरावांपेक्षा बऱ्याच लहान, बोलणं मोजकं, आणि चारचौघांत हसू आलं की ते दाबायला खोकायच्या. अभ्यासाचा विषय होता फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी, आणि त्यासाठी रक्तातली पित्ताम्लं मोजायची होती. रक्त द्यायला येणाऱ्या लोकांना हे समजावून सांगायचं काम अर्थातच नॉर्मलरावांनी स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कुणाला बोलू दिलं असतं तर ना!

"हे बघा, लिव्हर पित्ताम्लं तयार करतं," ते सुरू व्हायचे. "कशाला? तर खाल्लेली चरबी पचवायला. ती आतड्यात जातात, काम करतात, आणि आतडं त्यांना परत पाठवतं. मग लिव्हर त्यांना रक्तातून वेचून आत घेतं आणि पुन्हा कामाला लावतं. काही वाया घालवायचं नाही, असा काटकसरीचा संसार आहे तो. पण लिव्हरमध्ये चरबी भरली की या संसाराची घडी विस्कटते. वेचायचं काम मागे पडतं आणि पित्ताम्लं रक्तात रेंगाळत बसतात. ती आपण मोजायची. जेवल्यावर ती सगळ्यांचीच वाढतात, म्हणून उपाशीपोटी या. पाणी चालेल. 'एकच तर बिस्कीट खाल्लं' हे चालणार नाही. खाल्लंत तर मशीन चहाडी करेल!"

लोक दोन प्रकारचे हवे होते, लिव्हरमध्ये चरबी असलेले आणि निरोगी. कोण कुठल्या गटात जाणार हे सोनोग्राफीवर ठरायचं होतं. ती शेजारच्या इमारतीतले डॉक्टर करणार आणि निकाल फक्त मॅडमना सांगणार. रक्त मोजणाऱ्याला, म्हणजे नॉर्मलरावांना, तो अजिबात कळू द्यायचा नाही, कारण कळला की माणूस नकळत आपल्या मनासारखे आकडे वाचायला लागतो.

"फ्रीजरमधल्या तुमच्या जुन्या बाटल्या या कामाला चालणार नाहीत," मॅडमनी आधीच सांगून टाकलं. "ते रक्त तुम्ही खाऊन-पिऊन दिलेलं आहे. या वेळी उपाशीपोटीची नवीन नॉर्मल बाटली लागेल."

"देतो की," नॉर्मलराव म्हणाले. "निरोग्यांत पहिला मी. आणि चरबीवाल्यांत पहिला कोण, तोही मीच आणतो."

रविवारी त्यांनी मेहुण्याला विचारलं. त्याने मान डोलावली. "हो, भाऊजी."

दोघांची सोनोग्राफी होऊन गेली आणि रक्त द्यायची सकाळ उजाडली. नॉर्मलरावांनी दोन नळ्यांवर दोन नंबर लिहून त्या स्टँडमध्ये शेजारी शेजारी लावल्या. आधी सिस्टरनी त्यांचं रक्त काढलं. मग गादीवाला खुर्चीत बसला, म्हणजे खुर्चीने त्याला कसंबसं सामावून घेतलं, आणि नॉर्मलरावांना चेव चढला. "सिस्टर, ही सुई कुठली पुरायला! त्याच्या दुकानातूनच आणायला हवी होती, गाद्या शिवायची!" बाकावर बसलेले सगळे फिदीफिदी हसले. नॉर्मलराव आणखी फुलले. "घाबरू नकोस रे, रक्त निघालं तर ठीक, नाहीतर तूप तरी निघेल!" गादीवालाही हसला आणि त्याने दंड पुढे केला. रक्त निघालं, बोळा दाबला, दोघंही उठले. हसण्याखिदळण्याच्या भरात नंबर वाचायचा तेवढा राहून गेला. ना नॉर्मलरावांनी वाचला, ना मेहुण्याला वाचायला लावला.

मोजायचं काम मोठं नाजूक होतं, आणि ते करताना नॉर्मलराव वेगळेच माणूस व्हायचे. मग तोंडाला कुलूप. सीरमचा थेंब घ्यायचा, त्यात ताडून बघायला आधीच तोलून ठेवलेलं, माप माहीत असलेलं पित्ताम्ल टाकायचं, मिथेनॉल ओतून प्रथिनं खाली बसवायची, नळी गरगर फिरवायची, वरचं स्वच्छ पाणी अलगद उचलायचं, नायट्रोजनच्या झोताखाली ते सुकवायचं आणि उरलेला न दिसणारा थर पुन्हा विरघळवून मशीनच्या स्वाधीन करायचा. हात एवढासाही हलत नसे. मग पडद्यावर एक रेघ सरकत यायची आणि जिथे पित्ताम्ल असेल तिथे उंचवटा काढून पुढे जायची. उंचवटा मोठा तर पित्ताम्ल जास्त.

मेहुण्याचा नंबर लागला तेव्हा नॉर्मलराव हात चोळत पडद्यासमोर बसले. रेघ आली आणि जवळजवळ सरळच गेली. मधे कुठे कुठे जरा जरा फुगली तेवढीच. नॉर्मलरावांनी चष्मा पुसला. पुढचा नंबर त्यांचा स्वतःचा होता. रेघ आली आणि डोंगर चढायला लागली. एक डोंगर, दुसरा त्याहून मोठा, तिसरा तर पडद्याच्या वर जाऊन टेकला.

"हे काय!" नॉर्मलराव एकटेच ओरडले.

पहिला संशय मशीनवर. त्यांनी माप माहीत असलेली पित्ताम्लं घालून मशीन तपासलं, ते सज्जनासारखं बरोबर उत्तर देत होतं. दुसरा संशय पोटावर. घरी गेल्या गेल्या त्यांनी बायकोला गाठलं.

"अगं, त्या दिवशी रक्त द्यायच्या आधी मी सकाळी काही खाल्लं होतं का?"

"नाही."

"नीट आठव. चहा? एखादं बिस्कीट? झोपेत उठून वगैरे?"

"अहो, तुम्हीच बजावलंत म्हणून साखरेचा डबा मी उशाशी घेऊन झोपले होते," बायको म्हणाली. "खाल्लं नाही याचं एवढं दुःख झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

आता उरलं एकच. आणि ते आता नॉर्मलरावांना आठवलं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन नळ्या, मेहुण्याची चेष्टा, आणि न वाचलेला नंबर! नळ्या बदलल्या. जन्मात जे घडलं नव्हतं ते घडलं, तेही आपल्या जिभेपायी.

दुसऱ्या दिवशी ते पडद्यासमोर बसून राहिले. मनात विचार आला, आणि तो येणारच होता, माणूसच आहे शेवटी. दोन आकड्यांची नुसती अदलाबदल करायची. डोंगर मेहुण्याच्या नंबरावर, सरळ रेघ आपल्या नंबरावर. जिथलं तिथे जाईल, हातही शाबूत राहील, रक्तही शाबूत राहील, मॅडमना पत्ता लागणार नाही. त्यांनी माउसवर हात ठेवला आणि लगेच तापल्या तव्यावर पडल्यासारखा उचलला. आजवर जी नळी चुकून बदलली नाही, ती आता मुद्दाम बदलायची? छे, छे. त्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं.

ते मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच बोलायला लागले. "मॅडम, माझ्या हातून नळ्या बदलल्या. माझी आणि मेहुण्याची. त्या सकाळचं कुणाचंच रक्त आता भरवशाचं नाही. सगळ्यांना परत बोलवावं लागेल. आणि मला या कामावरून काढा."

मॅडमनी दोन्ही आलेख समोर घेतले. एक बघितला, दुसरा बघितला. मग त्यांना खोकला आला.

"नळ्या बदलल्या असं तुम्हाला वाटतं?"

"वाटत नाही, खात्री आहे! अहो, तुम्ही मेहुण्याला बघितलंय ना? आणि मला बघताय ना?"

मॅडमना आता इतका खोकला आला की त्यांनी पाणी घेतलं. नॉर्मलराव घाबरले, म्हणाले, "तुम्ही आधी तुमच्या छातीचं बघा."

"इतक्यात कुणालाच काढायला नको आणि कुणाला बोलवायलाही नको," मॅडम घसा साफ करत म्हणाल्या. "आधी तुमच्या दोघांचं रक्त पुन्हा घेऊ. माझ्यासमोर."

या खेपेला मेहुणा आला तेव्हा नॉर्मलरावांच्या तोंडून थट्टेचा एक शब्द निघाला नाही. एवढे गप्प बघून गादीवाल्यालाच काळजी वाटायला लागली. "भाऊजी, बरं आहे ना?" त्याने विचारलं.

"नंबर वाच," नॉर्मलराव म्हणाले.

त्याने वाचला.

"पुन्हा वाच. मोठ्याने."

त्याने पुन्हा वाचला. मग नॉर्मलरावांनी तो सिस्टरना वाचायला लावला, मग मॅडमना, मग बाकावर आपली पाळी येईल म्हणून बसलेल्या एका अनोळखी आजोबांना. आजोबा बिचारे म्हणाले, "हा माझा नंबर नाही," तर नॉर्मलराव म्हणाले, "माहीत आहे. तरी वाचा." नळ्या दोन वेगळ्या स्टँडमध्ये ठेवल्या आणि ते दोन स्टँड दोन वेगळ्या टेबलांवर.

मोजणी सुरू झाली. नॉर्मलराव मशीनसमोर उभे होते. बाहेर पॅसेजमध्ये एकदाही गेले नाहीत, यावरून काय ते समजा. मेहुण्याची रेघ आली, सरळ गेली. मग नॉर्मलरावांची रेघ आली. पहिला डोंगर. दुसरा. तिसरा पडद्याच्या वर जाऊन टेकला.

"बदलल्या नाहीत!" नॉर्मलराव एवढ्याने ओरडले की सिस्टर हातातला ट्रे टाकता टाकता राहिल्या. "मॅडम! अहो मॅडम! नळ्या बदलल्याच नव्हत्या! हात बरोबर होता! पहिलं रक्तही बरोबर होतं!" आनंदाने त्यांनी सिस्टरचा हात हातात घेऊन हलवला, दारात उभ्या असलेल्या शिपायाची गळाभेट घेतली आणि मॅडमच्या खोलीत अक्षरशः पळत गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्या खोकल्या नाहीत. "तुमच्या हाताबद्दल मला शंका नव्हतीच. आता जरा बसा."

"बसतो की! आता उभं राहून—" एवढं म्हणून नॉर्मलराव बसले, आणि बसल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. नळ्या बदलल्या नव्हत्या. म्हणजे डोंगर त्यांचेच होते.

"मोजणी झाली, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "सोनोग्राफीतही तेच आलंय. तुमच्या लिव्हरमध्ये बरीच चरबी आहे. तुमच्या मेहुण्याचं लिव्हर स्वच्छ आहे."

"पण मी... पण तो..." नॉर्मलरावांनी एकदा स्वतःच्या पोटाकडे बघितलं, एकदा दोन्ही हातांनी हवेत मेहुण्याचं पोट काढून दाखवलं.

"चरबी बाहेर दिसलीच पाहिजे असं नाही. काही बारीक माणसांची ती आतच साठते. साखर किती खाता तुम्ही?"

नॉर्मलरावांनी बोटांवर चमचे मोजायला घेतले, आणि बोटं संपल्यावर मान खाली घातली. मॅडमना त्यांची दया आली. "वेळेवर कळलंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना भेटा. खाणं बदललंत, हालचाल वाढवलीत, तर हे मागे फिरू शकतं."

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली. खूप हसली, खुर्चीच्या पाठीला धरून हसली. मग एकदम थांबली, उठून स्वयंपाकघरात गेली आणि साखरेचा डबा छातीशी धरून तिथेच रडायला लागली.

"तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" ती म्हणाली. "मी काही म्हटलं की तुमचं एकच, मशीनला विचारा! आता विचारलंत ना मशीनला?"

नॉर्मलरावांनी तिच्या हातातला डबा काढून घ्यायला हात पुढे केला, तर तिला वाटलं हे साखर मागतायत, आणि तिने तो पाठीमागे लपवला.

पुढचा रविवार आला. दारातला उजेड गेला आणि गादीवाला आत आला. बहिणीने त्याला आधीच सगळं कळवलं होतं. नॉर्मलराव खुर्चीत आखडून बसले होते. आता हा बोलणार. इतक्या रविवारांचं आज एकदम वसूल करणार, आणि करू दे, आपण ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गादीवाला समोर बसला. बहिणीने दोघांपुढे चहा ठेवला. नॉर्मलरावांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सुरुवातीला कडू लागतो, भाऊजी," गादीवाला म्हणाला. "मग सवय होते."

"तुला काय ठाऊक?"

"मी बिनसाखरेचाच पितो की. किती वर्षं झाली."

"तो इथे कधीपासून बिनसाखरेचा पितो ते तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे," बायको आतून म्हणाली. "केकसुद्धा तुमच्या ताटात सरकवतो तो."

नॉर्मलरावांनी कप खाली ठेवला. "साखर सोडलीस? कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच," गादीवाला म्हणाला. "पहिल्या खेपेलाच बोलला होतात. म्हटलं, भाऊजी रोज लोकांची रक्तं बघतात, ते काय उगाच बोलतील? म्हणून साखर सोडली. गोड पाणी सोडलं. गाद्याही मीच खांद्यावर घेऊन वर चढवतो, गाडीवाल्याला पाठवत नाही. पोट तेवढं गेलं नाही. ते आमच्या बाबांचंही असंच होतं."

"अरे, मग एवढी वर्षं मी बोलत होतो, तेव्हा एकदा तरी सांगायचंस!"

गादीवाला जरा लाजला. "तुम्ही एवढं जीव तोडून सांगायचात. मला वाटायचं, काळजीने सांगतायत."

काळजी? नॉर्मलरावांना धक्काच बसला. त्यांनी चेष्टा केली होती. चारचौघांत केली होती, हसू मिळावं म्हणून केली होती, आणि समोरच्याने ती काळजी समजून पदरात घेतली होती. त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी तो कडू चहा एका दमात पिऊन टाकला.

"माझं चुकलं रे," ते म्हणाले. "फार चुकलं."

आत जेवणासाठी ताटं काढली गेली. त्या दिवशी त्यांचा आवाज झाला नाही.

"ते राहू द्या," गादीवाला म्हणाला. "उद्या सकाळी एक मोठी गादी पोचवायची आहे. पाचवा मजला, लिफ्ट बंद आहे. एक टोक धराल का?"

नॉर्मलराव हयातीत पहिल्यांदाच म्हणाले, "हो, बाबा."

ती गादी कशी वर गेली हे सांगत बसलो तर दुसरी गोष्ट होईल. दुसऱ्या मजल्यावर नॉर्मलराव गादीखाली गेले, तिसऱ्यावर गादीवर बसले, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं गादी त्यांच्याकडेच आलीय, म्हणून त्यांनी दार उघडून ती आत घ्यायला सुरुवात केली. पण गादी पाचव्यावर पोचली. आणि नंतर दर आठवड्याला एखादी तरी पोचत राहिली. पॅसेजमध्ये उभं राहून खाणं बंद झालं. पट्ट्याला आणखी भोक पाडावं लागलं नाही, कारण वजन काही कमी झालं नाही. उलट दंडाला जरा दंडाचा आकार आला.

इकडे मॅडमनी नवीन नॉर्मल बाटल्या करायला घेतल्या. रक्त मेहुण्याचं. काढलं नॉर्मलरावांनी, नंबर रीतसर वाचून आणि वाचायला लावून. सीरम छोट्या बाटल्यांत भरलं, आणि चिठ्ठ्या लिहायची वेळ आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला लिहायला सांगू का?"

"नको. अक्षर माझंच चांगलं आहे," नॉर्मलराव म्हणाले. त्यांनी पेन घेतलं आणि पहिल्या बाटलीवर टपोऱ्या अक्षरात लिहिलं: नॉर्मल. मग नाक पुसलं आणि पुढची बाटली घेतली.

काही महिन्यांनी त्यांचं स्वतःचं रक्त पुन्हा मोजलं. रेघ आली, चढायला लागली. डोंगर होते, पण त्यांची आता टेकाडं झाली होती. खाली मेहुण्याची सरळ रेघ ताडून बघायला ठेवलेली होती. नॉर्मलरावांनी दोन्ही रेघांमधलं अंतर पडद्यावर बोटाने मोजलं. अजून बरंच खाली यायचं होतं, पण रस्ता बरोबर होता.

एवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला. पलीकडे कुणीतरी जुन्या ओळखीचा माणूस होता. "नॉर्मलराव आहेत का?" त्याने विचारलं.

"नॉर्मलराव इथे नाहीत," ते म्हणाले. "ते गाद्यांच्या दुकानात भेटतील. मी त्यांचा भाऊजी बोलतोय."